अपत्यप्राप्तीचे अप्रमाणित उपाय आणि अवटू ग्रंथीचे आरोग्य : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना :

मराठीत ‘कूस उजवणे’ आणि ‘पाळणा हलणे’ हे दोन वाक्प्रचार आजही रूढ आहेत. या दोहोंत पुरुषाला स्थान नाही. मूल झाले तर स्त्रीची कूस उजवते आणि न झाले तर तीच वांझ ठरते. पुरुषासाठी असलेला ‘निपुत्रिक’ हा शब्द त्याच्या शरीराविषयी काहीही सांगत नाही. त्याला पुत्र नाही एवढीच माहिती देऊन तो थांबतो. डोहाळजेवणात किंवा बारशात मूल न झालेल्या स्त्रीला ओटी भरण्यासाठी पुढे न बोलावण्याची रीत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतूनही पूर्णपणे लोपलेली नाही. या पार्श्वभूमीवर अपत्यप्राप्तीच्या उपायांची बाजारपेठ उभी आहे. बियांचे चूर्ण, भस्मे, काढे, मंतरलेला अंगारा, ‘गर्भाशयशुद्धी’ची पाकिटे, समुद्रशैवालाच्या गोळ्या आणि आधुनिक वंध्यत्वनिवारण केंद्रांतून दिले जाणारे काही महागडे पूरक उपचार एवढा तिचा विस्तार आहे.

या उपायांवर टीका पुष्कळ झाली आहे. तथापि ती बहुधा ‘अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान’ किंवा ‘आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी’ अशा ठरलेल्या मांडणीत अडकते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. उपाय जुना आहे की नवा, देशी आहे की परदेशी, यावरून तो प्रमाणित की अप्रमाणित हे ठरत नाही. तो कोणासाठी आहे, कोणत्या बिघाडावर आहे आणि तो फसला हे कशावरून ओळखावे, या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी उपाय सांगणाऱ्याकडे आहे का, यावरून ते ठरते. प्रस्तुत लेखात या कसोटीसाठी अवटू ग्रंथीचा, म्हणजे बोलीतल्या ‘थायरॉईड’चा, विषय निवडला आहे. निर्विवाद उपयोगी ठरलेला उपचार आणि त्याच उपचाराचा निराधार विस्तार, असे दोन्ही या एकाच ग्रंथीच्या संदर्भात पाहावयास मिळतात.

जाहिरातीची भाषा :

अपत्यप्राप्तीच्या उपायांच्या जाहिराती भिंतींवर, एस.टी. स्थानकांच्या आवारात, लोकल गाड्यांच्या डब्यांत आणि वृत्तपत्रांच्या छोट्या चौकटींत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या आहेत. आता त्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आल्या असल्या, तरी भाषा फारशी बदललेली नाही. ‘हमखास’, ‘खात्रीशीर’, ‘सर्व उपाय करून थकलेल्यांनी’, ‘निराश दांपत्यांसाठी’ ही तिची ठरलेली शब्दकळा होय. या शब्दांत रोगाचे नाव नसते, थकवा आणि निराशा यांची नावे असतात. जाहिरात वाचणाऱ्याच्या शरीराशी बोलत नाही, ती त्याच्या मनःस्थितीशी बोलते. त्यामुळे बीजवाहिनी बंद असलेली स्त्री, पाळी अनियमित असलेली स्त्री आणि पतीच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प असलेली स्त्री या तिघींनाही ती जाहिरात आपल्यासाठीच लिहिली आहे असे वाटते. एकच पुडी या तिघींवर चालेल असे मानण्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही. जाहिरातीच्या दृष्टीने मात्र त्या तिघी एकच ग्राहक असतात.

प्राचीनतेचा हवाला हा या भाषेचा दुसरा विशेष. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण ज्या ग्रंथांचा हवाला दिला जातो ते ग्रंथ जाहिरातीपेक्षा अधिक सावध आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार घटकांचा संयोग आवश्यक मानला आहे. योग्य काळ, सुस्थितीतील गर्भाशय, पोषण करणारा रस आणि निर्दोष बीज असा त्याचा स्थूल अर्थ होतो. यातील बीज स्त्रीपुरुष दोघांचे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच वाजीकरणाचा अध्याय येतो आणि तो पुरुषाच्या प्रजननक्षमतेविषयी आहे. म्हणजे चार घटकांपैकी कोणता बिघडला आहे हे आधी पाहावे, ही दृष्टी त्या परंपरेत होती. चार घटकांचा एक घटक आणि दोन व्यक्तींची एक व्यक्ती करण्याचे श्रेय प्राचीनांकडे जात नाही, ते जाहिरातदाराचे आहे.

या संदर्भात ‘पुत्रजीवक’ या शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. २०१५ च्या एप्रिल महिन्यात या नावाच्या बियांच्या पाकिटावरून राज्यसभेत गदारोळ झाला. पुत्रप्राप्तीचे औषध म्हणून ते विकले जाते असा आक्षेप होता. हे वनस्पतीचे नाव आहे, औषध वंध्यत्वावर आहे, त्याचा मुलगा होण्याशी संबंध नाही, असा खुलासा उत्पादकांनी केला. ही वनस्पती वनस्पतिशास्त्रात ‘पुत्रंजीवा रॉक्सबर्घी’ या नावाने ओळखली जात आली आहे. तिच्या कठीण बियांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात त्यांना आजार होऊ नये म्हणून घालण्याची प्रथा होती. जन्मलेले मूल जगावे ही त्या नावामागची भावना असल्याचे यावरून दिसते. बालमृत्यू पदोपदी असलेल्या काळातील ती आईची काळजी होती. ‘जगवणारे’ बी पुढे ‘देणारे’ झाले आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘पुत्र देणारे’ झाले. उत्पादकांचा खुलासा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असला, तरी ग्राहक वनस्पतिशास्त्र विकत घेत नाही, तो शब्द विकत घेतो. शिवाय वादाच्या धुरळ्यात एक प्रश्न मागेच राहिला. मुलगा राहो, या बियांनी मूल होते असे दाखविणारी पुरेशी मोठी तुलनात्मक चाचणी झालेली आहे का? वंध्यत्वावरील औषध म्हणून ते स्वीकारले जावे एवढा पुरावा उपलब्ध नाही.

कायद्याने या भाषेची दखल फार पूर्वी घेतली आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. ज्या रोगांवरील उपचारांची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली त्यांच्या अनुसूचीत स्त्रियांचे वंध्यत्व आहे आणि गलगंडही आहे. म्हणजे प्रस्तुत लेखाचे दोन्ही विषय एकाच यादीत बसलेले आहेत. पुरुषाचे वंध्यत्व मात्र त्या शब्दांत त्या यादीत नाही. १९५४ चे विधिमंडळही आपल्या वाक्प्रचारांच्या बाहेर फारसे गेले नव्हते असे म्हणावे लागते. डिसेंबर १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यापारी जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळू शकत नाही अशी भूमिका घेतली. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन मूल न होणाऱ्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट शब्दांत नमूद आहे. असे कलम लिहावे लागले, यावरून अपत्याच्या आशेचा गैरफायदा किती टोकाला जात होता याची कल्पना येते. परंतु कायदा जाहिरातीला आणि अघोरी कृत्याला आवर घालतो. शेजारणीने विश्वासाने सांगितलेल्या ‘अमक्या गावच्या औषधा’ला तो हात लावू शकत नाही.

‘गुण आला’ म्हणजे काय :

अप्रमाणित उपायांचे बळ जाहिरातीपेक्षा अनुभवकथनात अधिक असते. ‘आमच्या नणंदेला तिथलाच गुण आला’ हे वाक्य कोणत्याही शोधनिबंधापेक्षा प्रभावी ठरते. ते खोटे असते असेही नाही. औषध घेतले आणि दिवस राहिले, हे दोन्ही खरेच घडलेले असते. अडचण आहे ती या दोन घटनांमधील ‘म्हणून’ या शब्दात.

चाळिशीच्या आतील स्त्री असलेली आणि कोणतेही संततिनियमन न करणारी शंभर जोडपी घेतली, तर त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वर्षभरात गर्भधारणा होते. उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, कोणताही उपचार न घेता, होते. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत हेच प्रमाण गृहीत धरले आहे. आता आपल्याकडील कौटुंबिक कालगणना पाहावी. लग्नाला वर्ष झाले की विचारपूस सुरू होते आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी पहिली पुडी घरात येते. म्हणजे पुडी देणाऱ्याकडे जी वीस जोडपी पोहोचतात, त्यांतील दहा जणांकडे निसर्गतःच पाळणा हलणार असतो. पुडीत केवळ सुंठ असली तरी पन्नास टक्के यश पदरात पडते. या दहा जणांचे पेढे वाटले जातात, त्यांची नावे आणि छायाचित्रे भिंतीवर लागतात. उरलेले दहा जण गप्प राहतात, कारण आपल्याला मूल नाही हे पुन्हा एकदा चारचौघांत सांगण्याची इच्छा कोणाला असणार? यश बोलके असते आणि अपयश मुके असते. कोणतीही फसवणूक न करता, प्रामाणिक समजुतीने औषध देणाऱ्या वैद्याचीही यामुळे स्वतःविषयी फसगत होऊ शकते, ही बाब टीकाकारांनी लक्षात घेणे न्यायाचे ठरेल.

हाच न्याय आधुनिक केंद्रांनाही लावला पाहिजे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, तेव्हापासून महाराष्ट्रातील निपुत्रिक जोडप्यांच्या आशेला एक खरा पत्ता मिळाला. परंतु त्या तंत्राभोवती पुढे अनेक पूरक उपचार जमा झाले. गर्भाशयाचे अस्तर हलकेसे खरवडले की गर्भ रुजण्याची शक्यता वाढते, असे मानून तो उपचार जगभर दिला जात होता. पाच देशांतील १,३६४ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्तर खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत अपत्यजन्माचे प्रमाण २६.१ टक्के, म्हणजे अगदी सारखे होते. पांढरा कोट घातलेला उपायही अप्रमाणित असू शकतो. फरक एवढाच की, येथे तो तपासला गेला आणि फसला हे जाहीरही झाले.

अवटू ग्रंथीचे कार्य :

मानेच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून असलेली अवटू ग्रंथी आयोडिनाच्या साहाय्याने थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. हे संप्रेरक कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टी.एस.एच. नावाचे उद्दीपक संप्रेरक अधिक प्रमाणात सोडून अवटूला जागे करू पाहते. म्हणूनच रक्तातील टी.एस.एच. वाढलेले दिसले, की अवटू मंदावली असे अनुमान निघते. ही मंदक्रिया लक्षणीय असेल, तर त्याच ओघात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाणही वाढू शकते. प्रोलॅक्टिन वाढले की बीजकोशाला मिळणारे संकेत विस्कळीत होतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते किंवा अतिस्राव होतो. गर्भपाताचा धोकाही वाढतो. पुरुषांतही अवटूच्या बिघाडाने शुक्रजंतूंच्या गुणवत्तेवर आणि कामेच्छेवर परिणाम होतो, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.

अशा स्त्रीला थायरॉक्सिनची गोळी दिल्यास पाळी पूर्ववत होते आणि गर्भधारणेतील तो अडथळा दूर होतो. यात चमत्कार नाही. शरीराला जे कमी पडते तेच, मोजून, बाहेरून दिले जाते. या उपचाराचा इतिहास १८९१ पासूनचा आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी अवटू निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि त्या उपचारावर पुढे १९१९ पर्यंत जगली. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क हा वर्णनावरून पाहता कोणत्याही गावठी उपायाइतकाच विचित्र वाटतो. तो टिकला, कारण तो नेमक्या कोणत्या बिघाडावर आहे हे सांगता येत होते आणि दुसऱ्या कोणालाही तो करून पाहता येत होता.

भारतात या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. मुंबई आणि गोवा यांच्यासह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अवटूची मंदक्रिया १०.९५ टक्के लोकांत आढळली. त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना आपल्याला हा विकार आहे हेच ठाऊक नव्हते. हिमाचलमधील कांग्रा खोऱ्यात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने आयोडिनयुक्त मिठाचे महत्त्व सिद्ध केले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठाने गलगंड मागे हटला, तथापि शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवटूवर उलटण्याचा विकार मिठाने बरा होत नाही. आज शहरी स्त्रियांत आढळणारी मंदक्रिया प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारची आहे.

या साऱ्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा की, टी.एस.एच.ची तपासणी काही शे रुपयांत, एका रक्तनमुन्यावर होते. पुड्यांवर वर्षाकाठी होणारा खर्च त्याच्या अनेक पट असतो. पुरुषाच्या वीर्याची तपासणीही तितकीच सोपी आणि स्वस्त आहे. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण कमीअधिक प्रमाणात गुंतलेले असते. तरीही पत्नीचे तीन-चार उपाय होईपर्यंत पतीची तपासणी होत नाही. येथे अडसर पैशाचा नसून ‘कूस उजवणे’ या वाक्प्रचाराचा आहे.

‘तिला थायरॉईड आहे’ :

गेल्या दोन दशकांत ‘मला थायरॉईड आहे’ हे वाक्य मराठी घरांत रुळले आहे. वास्तविक थायरॉईड प्रत्येकालाच असते, नसेल तर काळजी करावी! अवयवाचेच नाव रोगाला देण्याच्या या सवयीत एक धोका दडलेला आहे. आकडा थोडासा वाढलेला असो की ग्रंथी निकामी झालेली असो, वाक्य तेच राहते. लग्नाच्या बोलणीत मुलीला ‘थायरॉईड आहे’ हे कळल्यावर जी कुजबुज सुरू होते, ती या अस्पष्टतेवरच पोसलेली असते. रोज एक गोळी घेणाऱ्या आणि टी.एस.एच. योग्य पातळीवर असलेल्या स्त्रीला मातृत्वाच्या बाबतीत वेगळे लेखण्याचे कारण नाही.

या अस्पष्टतेचा दुसरा परिणाम असा, की जुन्या पुडीच्या जागी आता थायरॉईडचीच नवी पुडी येऊ पाहते. मूल होत नाही ना, मग थायरॉईडची गोळी सुरू करा, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतही वंध्यत्व आणि वारंवार होणारा गर्भपात यांवर, अवटू निरोगी असतानादेखील, अवटूचा अर्क अंदाजाने दिला जात असे. तोच अंदाज नव्या वेशात परत आला आहे. वर उल्लेखिलेल्या आठ शहरांच्या पाहणीत २१.८५ टक्के लोकांच्या रक्तात अवटूविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. दर पाचांत एक. अशा प्रत्येक स्त्रीला गोळी द्यावी असे ठरले, तर औषधाची बाजारपेठ केवढी होईल याचा हिशेब कोणीही करावा.

सुदैवाने हा प्रश्न तपासला गेला. ज्यांची अवटू नीट काम करते परंतु प्रतिपिंडे आहेत, आणि ज्यांना पूर्वी गर्भपात किंवा वंध्यत्व अनुभवास आले आहे, अशा ९५२ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. कोणाला काय मिळाले हे ना स्त्रियांना ठाऊक, ना डॉक्टरांना. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थायरॉक्सिनच्या गटात अपत्यजन्माचे प्रमाण ३७.४ टक्के आणि निष्प्रभ गोळीच्या गटात ३७.९ टक्के होते. म्हणजे अवटू मंदावलेल्या स्त्रीसाठी जी गोळी अत्यावश्यक आहे, तीच गोळी अवटू ठीक असलेल्या स्त्रीला मूल मिळवून देत नाही. औषध तेच आणि रुग्णाचे दुःखही तेच. बिघाड वेगळा असल्याने एका ठिकाणी ते औषध ठरते, दुसऱ्या ठिकाणी ताईत. टी.एस.एच. किंचितच वाढलेल्या स्त्रियांविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत आणि ते उघडपणे मांडले जातात. ‘हमखास’ हा शब्द तेथे कोणी वापरत नाही.

अश्वगंधेच्या बाबतीतही हाच विवेक हवा. अवटू किंचित मंदावलेल्या पन्नास व्यक्तींवर आठ आठवडे केलेली एक छोटी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत टी.एस.एच. सुधारल्याचे दिसले. ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु तेथे मोजले गेले ते रक्तातील संप्रेरक होते, जन्मलेली मुले नव्हती. आठ आठवड्यांच्या आकड्यावरून पाळण्यापर्यंत उडी घेणे हे संशोधकांचे काम नव्हे, ते वेष्टनावरील मजकूर लिहिणाराच करतो. याच वनस्पतीच्या सेवनानंतर अवटू अतिक्रियाशील झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

‘नुकसान तर नाही ना’ :

अप्रमाणित उपायांच्या समर्थनार्थ शेवटी येणारा युक्तिवाद म्हणजे ‘फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना’. तो नेहमी खरा नसतो. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भवतींच्या शिसेबाधेची नोंद अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने प्रसिद्ध केली. त्या सर्वांनी आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधे घेतली होती. शिसे नाळेतून गर्भापर्यंत पोहोचते. यावरून सर्वच आयुर्वेदिक औषधे विषारी ठरत नाहीत. परंतु आत काय आहे हे माहीत नसलेली पुडी गर्भधारणेच्या काळात घेणे किती धोक्याचे आहे, हे मात्र स्पष्ट होते.

अवटूच्या बाबतीत नुकसान अधिक सूक्ष्म असते. समुद्रशैवालाच्या गोळ्यांत आयोडिनाचे प्रमाण फार असू शकते. आयोडिनाचा अतिरेक झाला की दुबळी अवटू सावरण्याऐवजी आणखी मंदावते. केस आणि त्वचेसाठी, अलीकडे ‘प्रजननक्षमतेसाठी’ही, विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. ते अवटूला इजा करत नाही, पण रक्ततपासणीच्या काही पद्धतींत खोटा आकडा दाखवू शकते. टी.एस.एच. प्रत्यक्षाहून कमी दिसते आणि मंदावलेली अवटू निरोगी, क्वचित अतिक्रियाशीलही, वाटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे प्रयोगशाळेतील तपासण्यांत होणाऱ्या अशा घोटाळ्यांविषयी इशारा दिला होता. उपायच निदानाच्या आड येतो, असा हा प्रकार आहे.

काळाचे नुकसान सर्वांत मोठे असते. स्त्रीच्या पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता वेगाने घटू लागते. बत्तिसाव्या वर्षी सुरू झालेला ‘एक वर्षाचा कोर्स’, त्यानंतर दुसऱ्या गावचे औषध, मग एक नवस, असे करीत तीन-चार वर्षे निघून गेली, तर ती परत मिळत नाहीत. पुढे कोणी कुशल डॉक्टर भेटला तरी त्यालाही ती परत देता येत नाहीत.

दिवस राहिल्यानंतरची कथा मात्र अप्रमाणित उपायांच्या अनुभवकथनात कधीच येत नाही. पुडीला गुण आला, पेढे वाटले, की देणाऱ्याचे काम संपते. अवटूचे काम तेव्हा वाढते. गर्भारपणात शरीराची थायरॉक्सिनची गरज सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढते. त्यामुळे आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने पाळी चुकून गर्भधारणा निश्चित होताच डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी लागते. आठवड्याला दोन गोळ्या अधिक, असे साधे सूत्र अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिले आहे. आपल्याकडे नेमके उलट घडण्याचा संभव असतो. ‘पहिले तीन महिने कोणतीही औषधे नकोत’ या वडीलधाऱ्यांच्या सदिच्छेपोटी हीच गोळी बंद केली जाते. ती चालू राहिली तरी सकाळी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर एकदमच घेतली जाते. या दोन्ही गोळ्या थायरॉक्सिनला शरीरात शोषले जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक तयार करू लागते आणि तिचे काम स्थिरावण्यास त्यापुढेही काही आठवडे जातात. तोपर्यंत गर्भाच्या मेंदूला लागणारे सारे थायरॉक्सिन आईच्या रक्तातूनच येत असते.